सुपभर कोंडा

"आजी, कागदावर हा तुमचा मुलगा नाहीच," असं स्वानंद म्हणाला आणि मला आतल्या आत बरं वाटलं. तोंडावर दाखवलं नाही. माझं तोंड कायम आवळलेलं असतं, लोकांना वाटतं म्हातारी चिडलीय, त्याचा फायदाच होतो. पण बरगड्यांच्या खाली, जेवण उतरल्यावर जिथं ऊब लागते तिथं, तसंच काहीतरी लागलं. एकतीस वर्षं आवळून धरलेली मूठ उघडून बघावी आणि आतलं जिथल्या तिथं असावं, तसं. स्वानंदचं पिरंगुटला रस्त्याला लागून कागद काढून द्यायचं दुकान आहे. आधार म्हणू नका, दाखले म्हणू नका, सगळं त्या एका संगणकातनं काढतो. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. बाहेरून कंपनीची गाडी गेली की टेबलावरची डिंकाची बाटली थरथरते. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, कैलास माझ्यामागं हत्यारांची पिशवी खांद्याला लावून उभा होता, आणि त्याची बायको गौतमी दारात उभी राहून फायलीतले कागद पुन्हा पुन्हा सारखे करत होती. मागं वळून न बघताही मला कळलं, कैलासचा श्वास बदलला.

"नाहीच म्हंजे?" तो म्हणाला.

"हे बघ ना. आधारवर तू कैलास विश्राम ढमाले. शाळेचा दाखला आणि आयटीआयचं सर्टिफिकेट, दोन्हींवर कैलास हैबतराव वाळंज. नुसतं आडनाव चुकलं असतं तर काहीतरी जमवलं असतं मी. बाप कसा बदलू?"

"मग बदलू नगंस," मी म्हटलं. "बाप काय नळाची तोटी हाय व्हय, जुनी काढली न् नवी बसवली?"

स्वानंद हसला. कैलास हसला नाही.

त्याला धंदा काढायचा होता, स्वतःचा. नळ गळतो, पंखा अडतो, गिझर तापत नाही, पडद्याची दांडी निखळली, दाराची कडी बसत नाही, असल्या बारीक कामांना माणूस मिळत नाही म्हणून भूगावापासून पिरंगुटापर्यंतच्या सोसायट्यांतले आयटीवाले रडत असतात, आणि कैलासच्या हाताला हे सगळं येतं. नऊ-दहा वर्षं तो लवासाला एका ठेकेदाराकडं होता. ज्या घरांत कुणी राहत नाही त्या घरांची निगा राखायची, हे त्याचं काम. आठवड्यातनं एकदा कुलूप उघडायचं, एकेक नळ सोडायचा, संडासात पाणी ओतायचं, दिवे लावून बघायचे, पंखे फिरवायचे, आणि परत सगळं बंद करून कुलूप लावायचं. पाणी खेळलं नाही तर नळ आतून मरतो काकी, असं मला सांगायचा. तो मला काकी म्हणतो. त्या बोलण्यानं मला रिकाम्या इमारतीत फिरणारा माझा, नाही, नुसता फिरणारा कैलास दिसायचा. दिवा लावतोय, विझवतोय, कुणाचंच नसलेलं घर कुणाचं तरी आहे असं करून ठेवतोय. मी घरात उलटं करत आले. माझं असलेलं माझं नाही असं करून ठेवत आले. ते काम संपलं, ठेकेदारानं माणसं कमी केली, तेव्हा तो पिशवी घेऊन सोसायट्यांत जायला लागला. महिन्यापूर्वी एका सोसायटीच्या फाटकावर त्याला वॉचमननं अडवलं. "लाइसेंस नंबर लिखो भैया, नहीं तो अंदर नहीं." आतल्या बाईचा गिझर अर्धा उघडून ठेवलेला, ती वरून गॅलरीतनं हाका मारतेय, आणि हा फाटकाबाहेर. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही. लायसन काढायचंच म्हणाला.

स्वानंदनं बोटं मोजत सगळं समजावलं. दुकानाच्या नोंदणीचं काही अवघड नाही, दहापेक्षा कमी माणसं असली की नुसती सूचना भरायची, पावती येते. उद्यमची, म्हणजे छोट्या धंद्याची, नोंद फुकट. पोलिसांचा दाखलाही होऊन जाईल. पण विजेला हात लावायचा तर वायरमनचं लायसन, आणि ते देणाऱ्या मंडळाला सगळ्या कागदांवर एकच माणूस पाहिजे. "त्याला एकच उपाय. आईचं प्रतिज्ञापत्र. वडील नाहीत, म्हणजे आईच लागणार. पौडला तहसीलला जायचं, साहेबांसमोर शपथेवर सांगायचं की दोन्ही नावं एकाचीच आणि हा माझा सख्खा मुलगा. खाली सही. झालं." झालं, म्हणाला. मी खुर्चीतनं उठले आणि चप्पल सापडेना. गौतमीनं ती पायानं माझ्यापुढं सरकवली.

त्या आठवड्यात मी नाही नाही ते बोलले. कारण खरं ते बोलता येत नव्हतं, आणि गप्प बसायची मला सवय नाही. दुपारी ताट वाढताना म्हटलं, ढमाल्याच्या घरातला माणूस लोकांचे तुंबलेले संडास काढत फिरणार, आणि त्यासाठी मी पौडात जाऊन शपथ खाऊ? एवढी जमीन गेली तरी कुणापुढं वाकलो नाही आम्ही. वरच्या खोल्यांत भाडेकरू ठेवले ते खाली मान घालून येतात-जातात, मी समोरून आले तर जिन्यात बाजूला उभे राहतात. आणि घरचा माणूस त्यांच्यासारख्यांच्या मोरीत वाकणार? कैलास भाकरी मोडत शांतपणे म्हणाला, "काकी, दादांनी विहिरीवरच्या मोटारीची पेटी ज्याच्याकडनं जोडून घेतली त्याच्याकडं लायसन न्हवतं. असतं तर दादा आज हितं बसले असते." दादा म्हणजे त्याचा बाप. म्हणजे विश्राम. सृष्टी, त्याची चार वर्षांची पोरगी, माझ्या मांडीवर बसून माझ्या हातातल्या बांगड्या मोजत होती, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, "दादाला पेटीनं न्हाई मारलं." "मग कशानं?" त्यानं विचारलं. मी उठून हात धुतले.

कशानं ते मला माहीत होतं, आणि तेच मला सांगता येत नव्हतं.

माझं माहेर ताम्हिणीचं. चारही बाळंतपणं तिथंच झाली. तिथला पाऊस असा की चार चार दिवस अंगणापलीकडचा गोठा दिसायचा नाही, फक्त गुरांच्या हंबरण्यावरून तो आहे एवढं कळायचं. पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. दुसरा मुलगा चार महिन्यांचा. तिसरा दीड वर्ष राहिला. चालायचा, माझा पदर धरून उभा राहायचा, तोंडातनं नुसते आवाज काढायचा. आणि ज्या दिवशी सकाळी तो पहिल्यांदा स्वच्छ, कुणालाही कळेल असं, 'आई' म्हणाला, त्याच दिवशी दिवस मावळायच्या आत ताप डोक्यात जाऊन गेला. तिघांच्याही पाचवीला माझ्या आईनं पाटावर कोरा कागद आणि शाईचं पेन ठेवलं होतं. सटवाई येते, बाळाचं काय ते लिहून जाते, तिला कागद लागतो. तिसऱ्याला पुरून आल्यावर मी चुलीपुढं बसले आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली, की कागद तिला आपणच देतो. आपणच तिला पाटावर मांडून सांगतो, हे बघ, हे रंभाचं. मी तिसरीपर्यंत शिकलेली. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा नाव घेतलेलं पोर उभं राहायचं. नाव वहीत असलं की हाक येणारच. नसलं तर कोण कुणाला हाक मारणार?

चौथ्याच्या पाचवीला मी कागद ठेवू दिला नाही. आई रडली, तिला म्हटलं, तीन लिहिलेस तुझ्या कागदावर, बास झाले. बाराव्या दिवशी सासरी येऊन मी त्याला उघडाच नेऊन परड्यातल्या उकिरड्यावर ठेवला. खाली राख होती, गरम नव्हती, मी आधी हात लावून बघितला होता. रत्नाबाई, आमच्या खालच्या आळीची, हैबतरावाची बायको, सहा पोरं आणि सहाही धडधाकट, ती ठरल्याप्रमाणं सूप घेऊन आली. सुपात कोंडा. मी पाठ फिरवून उभी राहिले. "हे कुणाचं गं?" तिनं मोठ्यानं विचारलं. मी म्हटलं, "कुणाचं न्हाई. उकिरड्यावर पडलंय." "मी नेऊ?" "ने की. काय देतीस?" "सुपभर कोंडा हाय." "दे मग. त्येची लायकी तेवढीच." तिनं सूप माझ्या हातात दिलं, पोराला उचललं, घरी नेऊन स्वतःच्या अंगावर पाजलं, आणि उन्हं कलल्यावर परत घेऊन आली. दारातनंच म्हणाली, "रंभे, माझं एवढं पोर सांभाळशील का? मला सहा हायेत, हात पुरत न्हाईत." मी म्हटलं, "सांभाळीन. पर रडलं तर माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई." आणि मग दाराआड गेल्यावर आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो, आणि हसता हसता मी इतकी रडले की माझं दूध वाहून चोळी भिजली. कोंडा मी गाईला घातला. सूप ठेवलं. अजून आहे.

एकदा विकलं की विकलं. लोक हे करतात आणि महिन्यानं विसरतात, पोराला मांडीवर घेऊन माझं सोनं, माझा राजा म्हणतात. मी विसरले नाही. त्याला आई म्हणू दिलं नाही. तोंडातनं तो शब्द फुटतोय असं दिसलं की मी दुसरीकडं बघायचे, किंवा त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचे. आमच्या थोरल्या जावेची पोरं मला काकी म्हणायची, त्यांचं ऐकून तोही म्हणायला लागला. रत्नाबाईला तो आई म्हणायचा. ती मेली तेव्हा त्यानं डोकं भादरून घेतलं, हैबतरावाच्या सख्ख्या पोरांच्या रांगेत बसून, आणि मी बायकांत बसून ते बघितलं. शाळेत घालायला मीच घेऊन गेले. गुरुजी गावचेच, सगळं माहीत असलेले. बापाचं नाव विचारलं तेव्हा मी म्हटलं, हैबतराव वाळंज. "रंभाबाई, अहो त्या खेळाला आता सहा वर्षं झाली," गुरुजी म्हणाले. मी म्हटलं, "लिवा मी सांगते तसं. न्हाईतर पोरगं गुरं राखंल." त्यांनी लिहिलं. विश्रामला ते मागाहून कळलं. चांगला माणूस. माझ्या जिभेपुढं त्याचं कधी चाललं नाही. एकदाच चाललं. आधारची माणसं गावात आली तेव्हा त्यानं मला न सांगता पोराला नेलं आणि रेशनकार्ड दाखवून सगळं ढमाले करून आणलं. त्या कार्डातही त्यानं वर्षापूर्वी गुपचूप नाव घातलेलं. कैलास अठरा वर्षांचा होता. "पोरगं माझं हाय, रंभे," म्हणाला, "एका तरी कागदावर असू दे." पावती मला दाखवली, त्याच्या अंगठ्याला शाई होती. मी तीन दिवस बोलले नाही. विसाव्या दिवशी त्यानं विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला हात लावला आणि तिथंच चिकटला. लोक म्हणाले, जोडणी चुकीची. कैलास अजून तेच म्हणतो, आणि त्यासाठीच तो आयटीआयला गेला, ज्यानं दादांना नेलं ते समजून घेतो म्हणून. मी म्हणते, ती सटवाई आली होती. कागद वाचून आली होती. ढमाल्याचं पोर न्यायला आली आणि बाप आडवा आला. त्यानंतर बारा-तेरा वर्षं कैलास विजेत हात घालतोय आणि त्याच्या नखाला धक्का लागलेला नाही. कारण आयटीआयच्या कागदावर तो वाळंज आहे. रत्नाबाईचं पोर. सहा धडधाकट पोरांतलं सातवं. त्याला कोण काय करणार? आणि आता मलाच सांगत होते की साहेबासमोर बसून, शपथेवर, माझ्या हातानं लिहून दे.

पौडला आम्ही सकाळच्या बसनं गेलो. कैलासनं इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तरी पिशवी बरोबर होती. परतताना एक पंखा बघायचा होता. तहसीलच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. टायपिंगवाल्यानं स्टॅम्पपेपरवर मजकूर काढला आणि माझ्या हातात दिला. यंत्रातनं नुकताच आलेला तो कागद गरम होता. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवल्यासारखा गरम. मी तो मांडीवर ठेवला तर लुगड्यातनं मांडीला लागला. मला वाचता येतं, सावकाश येतं. मी रंभाबाई विश्राम ढमाले, वय अडुसष्ट, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की. पुढच्या ओळीवर बोट गेलं आणि मी ते उचलून घेतलं, जसं तव्यावरून घेतात. कैलास गौतमीला हळू आवाजात सांगत होता, पिरंगुटाला एक गाळा बघितलाय, लहान आहे, पण बोर्ड लावायला जागा आहे. बोर्डावर ढमाले घरदुरुस्ती असं लिहायचं. गौतमी म्हणाली, "पिवळ्या रंगात लिवा, लांबनं दिसतं." त्याच्या आवाजात असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं. रिकाम्या घरांत दिवे लावून विझवणाऱ्या माणसाचा आवाज नव्हता तो. त्याला कुठंतरी राहायला मिळणार होतं. मी मनात युक्त्या करत होते. सही वाकडी करायची म्हणजे लागू होणार नाही. किंवा माहेरच्या नावानं करायची. किंवा सही करताना मनातल्या मनात नाही नाही म्हणत राहायचं, म्हणजे जिला ऐकायचं तिला नाही ऐकू जाईल आणि साहेबाला हो दिसेल. सहीपुरतं झालं तर निभेल, असं मी स्वतःला सांगितलं. बोलावं लागू नये.

साहेब म्हणजे एक मुलगीच होती, पाटीवर मृण्मयी असं काहीसं नाव, मला ते वाचताना दोनदा थांबावं लागलं. केस वर घट्ट बांधलेले, टेबलावर पाण्याची बाटली. तिनं कागद वाचला, मग माझ्याकडं बघितलं. चांगलं बघितलं, वाईट नाही. वर पंखा एका बाजूला झुकून फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला टकटक करत होता. कैलासची नजर त्याच्याकडं गेलेली मी बघितली. त्याला त्या पंख्याचं काय दुखतंय ते कळलं असणार.

"आजी, मजकूर वाचून दाखवला ना तुम्हाला?"

"मला वाचता येतं."

"छान. मग सांगा, हे खरं आहे? कैलास हा तुमचाच मुलगा?"

मी पेनाकडं हात नेला. तिनं पेन आपल्याकडं ओढून घेतलं. "आधी तोंडानं सांगायचं, आजी. शपथ आहे ती."

टकटक. टकटक. मागून कैलास वाकला, "काकी, सांग ना."

तिनं मान वर केली. "काकी? तुम्ही यांना काकी म्हणता?" आणि कागद पुन्हा जवळ ओढला. "या तुमच्या आई आहेत ना?"

"आई," कैलास घाईनं म्हणाला. "आईच आहे माझी, मॅडम. घरात तशी सवय पडलीय नुसती. आई," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, "आई, सांग ना गं."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा. स्वच्छ, कुणालाही कळेल असं. त्या खोलीत, उघड्या खिडकीत, सरकारी शिक्क्यांच्या समोर, नाव-गाव लिहिलेला कागद मध्ये ठेवून, तो म्हणाला. मला त्याच्या तळव्याची ऊब खांद्यावर लागत होती आणि त्याच वेळी पावसाळी दिवस होता, गोठा दिसत नव्हता, आणि माझ्या मांडीवर दीड वर्षाचं तापलेलं अंग होतं. दिवस मावळायला किती वेळ आहे हे बघायला मी खिडकीकडं बघितलं. ऊन होतं. दुपारचं पांढरं ऊन. अजून वेळ होता.

"न्हाई," मी म्हटलं.

"काय नाही?"

"ह्यो माझा न्हाई."

खांद्यावरचा हात तसाच राहिला. तो काढून घ्यायचं त्याला सुचलंच नाही. "मग कुणाचा आहे?" त्या मुलीनं विचारलं, हळू, आणि तिला काय माहीत की तिनं कुठला प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला. माझ्या तोंडातनं आपोआप आलं, मोठ्यानं, पाठ फिरवून म्हणायचं तसं. "कुणाचा न्हाई. उकिरड्यावर पडला हुता. रत्नाबाईनं नेला, सुपभर कोंडा देऊन."

तिनं कागद बाजूला ठेवला. पेनाचं टोपण लावलं. काही रागावली नाही. म्हणाली, असं असेल तर मला हे करता येणार नाही. कैलासनं खाली वाकून पिशवी उचलली, तिच्यातली हत्यारं वाजली, आणि तो बाहेर गेला. व्हरांड्यात गौतमीनं मला गाठलं. "आत्याबाई, लोकांचे संडास काढले तर तुमची अब्रू जाती, म्हणून पोटच्या पोराला उकिरड्यावर टाकलंत व्हय? चार माणसांत? एवढा ताठा?" मी म्हटलं, "व्हय. एवढाच हाय." मला दुसरं उत्तर सुचलं असतं. तिला बाकावर बसवून सगळं सांगता आलं असतं, तीन पोरं, कागद, पेटी, विसावा दिवस. पण तेवढं सगळं माझ्या तोंडानं सांगायचं म्हणजे तो माझा आहे असंच सांगायचं. ते कुणी ऐकलं असतं म्हणजे? म्हणून मी ताठा निवडला. लोकांना माझ्याबद्दल ते खरं वाटायला वेळ लागत नाही.

परतताना बसमध्ये तो पुढच्या दारापाशी उभा राहिला, मी मागं बसले होते. त्याच्या मानेवर, केसांच्या खाली, एक जुना व्रण आहे, झाडावरून पडल्याचा. तेवढाच दिसत होता. पंखा बघायला तो मधेच उतरला. दिवस मावळला, दिवेलागण झाली, मी ओट्यावर बसून राहिले, आणि तो चालत आला. धडधाकट. मी उठून त्याचं ताट केलं. तो म्हणाला, "जेवलोय." पंधरा दिवसांनी त्यांनी सामान टेंपोत भरलं. सृष्टीला गौतमीनं उचलून घेतलं होतं, तिच्या मुठीत माझी एक बांगडी होती. ती मी परत मागितली नाही.

हैबतराव अजून आहे. त्र्याऐंशीचा असेल, दात नाहीत, पण डोकं ठिकाणावर. तो पौडाला गेला आणि एका फटक्यात सांगून आला म्हणे, माझाच हाय, बायकोनं रोख घेतलाय. हसला म्हणे. शाळेच्या दाखल्यावरून आधार बदललं. सगळे कागद एकासारखे एक झाले, त्याला आईची गरज पडली नाही. सृष्टीचं आडनावही बदललं, अंगणवाडीच्या बाईनं मला रस्त्यात थांबवून सांगितलं, बघायला की माझं तोंड कसं होतंय. मी तिला म्हटलं, "तुझ्या अंगणवाडीचा नळ गळतोय, त्येचं बघ आधी." लायसन आलं. भूगावला जाणाऱ्या बसमधनं मला बोर्ड दिसतो, पिवळ्या अक्षरांत, वाळंज घरदुरुस्ती सेवा, खाली लायसनचा नंबर. मी त्या बाजूच्या खिडकीत बसते. मला पाहिजे तसंच झालं सगळं. एका जरी कागदावर त्याच्या नावापुढं माझ्या घराचं नाव उरलेलं नाही. ती घरोघर शोधत फिरली तरी तिला सापडणार नाही. असं मी स्वतःला रोज सांगते आणि रोज भाकरी एक जास्तीची थापली जाते.

परवा जिन्याच्या वरच्या टप्प्यावरच्या मीटरच्या पेटीतनं जळका वास यायला लागला. वरच्या खोलीतला भाडेकरू दिग्विजय, लातूरकडचा पोरगा, कॉम्प्युटरवर काम करतो, त्यानं मला विचारलं नाही, फोनमध्ये बघून कुणाला तरी बोलावलं. दुपारी दारावर टकटक झाली. मी दार उघडलं. अंगात निळा शर्ट, खिशावर नाव शिवलेलं, हातात नवीन पेटी. जुनी पिशवी नव्हती.

"नमस्कार मावशी," कैलास म्हणाला. सगळ्या घरांतल्या बायकांना म्हणत असेल तसं. "मेन स्विच कुठे आहे?"

कुठं आहे ते त्याला माहीत होतं. तो त्यानंच बसवलेला, आयटीआयमधनं बाहेर पडल्यावर, पहिलं काम. मी जिना चढून वर गेले आणि बोट दाखवलं. त्यानं तो खाली केला, मीटरची पेटी उघडली, टॉर्च तोंडात धरला. मी आतनं लाकडी पाट आणला. पूर्वी तो विजेचं काम करायला लागला की मी पायाखाली पाट द्यायचे, न बोलता. तो खाली ठेवला तर त्यानं तोंडातला टॉर्च काढून म्हटलं, "नको मावशी. पायात रबरी बूट आहेत, नियमाप्रमाणं." त्याच्या हातात मोजे होते. त्या मोज्यांतली बोटं तारांत शिरली आणि मी भिंत धरली. दिग्विजय फोनवर कुणाशी तरी इंग्रजी बोलत वरच्या पायरीवर उभा होता. मानेवरचा व्रण दिसत होता. केस आता बारीक कापतो. किती वेळ गेला कळलं नाही. त्यानं स्विच वर केला, जिन्यातला दिवा लागला, भर दुपारी, कुणाच्या उपयोगाचा नाही असा.

त्यानं पुस्तक काढलं, मधे निळा कागद घातलेलं, आणि लिहून माझ्यापुढं धरलं. "घरमालकाची सही लागते. नियम आहे." वर काम करणाऱ्याचं नाव, कैलास हैबतराव वाळंज, आणि नंबर. खाली रेघ, घरमालक. मी पेन घेतलं आणि रेघेवर रंभाबाई विश्राम ढमाले असं लिहिलं, तिसरीत शिकले तसं, एकेक अक्षर सुटं. एकाच कागदावर दोन्ही नावं. मध्ये बोटभर जागा. मला वाटलं हा कागद याच्याकडनं हिसकावून चुलीत घालावा. त्यानं वरचा फाडून माझ्या हातात दिला.

"जेवलास का?" मी विचारलं.

त्यानं हत्यारांच्या पेटीचं झाकण लावलं. खटका एकदा लागला नाही, परत दाबला. "अजून दोन कामं आहेत, मावशी," म्हणाला, आणि खाली उतरायला लागला.

दिग्विजयनं फोन खिशात घातला. "काम छान करतो हा माणूस. आजी, तुमच्या ओळखीचा आहे का?"

कैलास जिन्याच्या वळणापर्यंत पोचला होता. मी कठड्यापाशी गेले आणि मोठ्यानं म्हटलं, सगळ्या जिन्यात ऐकू जाईल असं, खालच्या दारातनं, परड्यापर्यंत, जिला ऐकायचं तिला ऐकू जाईल असं. "खालच्या आळीतल्या रत्नाबाईचं पोर हाय. माझ्या वळखीचं न्हाई."

पावलांचा आवाज वळणावर थांबला. मी कठडा धरून उभी राहिले. मग तो पुन्हा सुरू झाला, एकेक पायरी, खाली.